पोरांनी आंबे पाडले की आंबे पोरांनी पाडले? इंग्रजीतला पॅसिव्ह व्हॉइस आपल्या मुलांना का जड जातो

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. जयगड खाडीच्या काठावरच्या एका लहान गावात राहते. गेली सहा वर्षं संध्याकाळी आमच्या पडवीत आठवी ते दहावीची मुलं इंग्रजीच्या अभ्यासाला येतात. मागच्या आठवड्यात जे झालं त्यावरून हा धागा काढतेय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

दहावीतली एक मुलगी, अभ्यासाला चोख. वाक्य होतं "माय ब्रदर एट अ मँगो" आणि प्रश्न होता, व्हॉइस ओळखा. तिने लिहिलं पॅसिव्ह. मी फुली मारणार तेवढ्यात तिने विचारलं, "ताई, 'भावाने आंबा खाल्ला' हा कर्मणी प्रयोग ना? परवाच मराठीच्या तासाला झाला. मग कर्मणी म्हणजेच पॅसिव्ह." मी म्हटलं, इंग्रजीत तसं नसतं. तिने मान हलवली, खोडून ॲक्टिव्ह लिहिलं. पण तिला पटलेलं नव्हतं हे दिसत होतं, आणि मलाही माझं बोलणं पटलेलं नव्हतं. "तसं नसतं" हे काही उत्तर नाही.

रात्री भाकऱ्या भाजताना डोक्यात तेच. मुलीचं मराठी व्याकरण शंभर टक्के बरोबर होतं. भावाने नारळ फोडला, सुपारी फोडली, शहाळं फोडलं. भाऊ तोच, क्रियापद मात्र नारळ-सुपारी-शहाळ्यामागे धावतंय. कर्माप्रमाणे क्रियापद बदललं की कर्मणी. मो. के. दामल्यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहिलं, त्यात प्रयोगांचा केवढा खल केलाय. ते केशवसुतांचे बंधू, आणि केशवसुतांचं मालगुंड आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे या विषयावर आपला थोडा हक्क आहे असं मला वाटतं.

आता याच भावाला वर्तमानकाळात आणा. "भाऊ नारळ फोडतो, सुपारी फोडतो, शहाळं फोडतो." क्रियापद भावाच्या मागे आलं, म्हणजे कर्तरी. नुसता काळ बदलला आणि प्रयोग बदलला. इंग्रजीत "माय ब्रदर ब्रेक्स" काय आणि "माय ब्रदर ब्रोक" काय, दोन्ही ॲक्टिव्हच. इथे माझ्या डोक्यात उजेड पडला. मराठीतला प्रयोग सांगतो की क्रियापद कोणाचं ऐकतं. इंग्रजीतला व्हॉइस सांगतो की वाक्याच्या पहिल्या पाटावर कोण बसलंय, काम करणारा की ज्याच्यावर काम झालं तो. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण शाळेत "कर्तरी म्हणजे ॲक्टिव्ह, कर्मणी म्हणजे पॅसिव्ह" असं एका ओळीत सांगून मोकळे होतो आणि हुशार मूल तिथेच फसतं. ज्याला मराठी व्याकरण येत नाही तो फसत नाही, कारण त्याला प्रश्नच पडत नाही!

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. इंग्रजीला पॅसिव्ह लागतो कशाला? हे बघा.

पोरांनी आंबे पाडले.
आंबे पोरांनी पाडले.

दोन्ही मराठीत सरळ वाक्यं आहेत. पहिलं पोरांबद्दल बोलतं. दुसरं, कोणी विचारलं की "अगो, हे आंबे कसे खाली?" तर द्यायचं उत्तर आहे. आपण शब्द उचलून पुढे ठेवला की झालं, कारण "पोरांनी" मधला "नी" सांगतोच की पाडणारे कोण. इंग्रजीत "द मँगोज नॉक्ड डाउन द बॉइज" म्हटलं तर आंब्यांनी पोरं पाडली. तिथे जागेवरून कर्ता ठरतो. मग आंब्याला पुढे आणायचं तर क्रियापदाची घडणच बदलावी लागते: "द मँगोज वेअर नॉक्ड डाउन बाय द बॉइज." पॅसिव्ह म्हणजे इंग्रजीने शब्दाला पुढे आणण्यासाठी केलेली सोय. आपल्याकडे विभक्ती आहे म्हणून आपल्याला ती सोय इतकी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी हेच मुलीला सांगितलं. पाटावर खडूने "पोरं", "पाडले", "आंबे" लिहून पाट हलवून दाखवले. पण पुढे कसं न्यावं यावर अडले आहे. तुम्ही कसं शिकवता, कसं शिकलात, कुठे अडलात, ते लिहा.

दर्यावर्दी

ताई, पाट हलवायची कल्पना फार आवडली. मी मर्चंट नेव्हीत बावीस वर्षं काढली, आता गावी बाग बघतो. शाळेत पॅसिव्ह कधीच कळला नाही. बोटीवर आपोआप कळला, कारण लॉगबुक सगळं पॅसिव्हमध्ये.

"फायर अँड सेफ्टी राउंड्स टेकन. ऑल फाउंड इन ऑर्डर." पहाटे चारची वॉच संपली की मी हेच लिहायचो. यात "वेअर" गाळलेलं आहे. राउंड कोणी घेतला ते लिहायची गरज नाही, खाली सही आहे. वाचणाऱ्याला हवं असतं ते एवढंच की राउंड झाला की नाही. पहिल्या बोटीवर मी "आय टूक राउंड" लिहिलं होतं. सेकंड ऑफिसरने प्रेमाने सांगितलं की लॉग हा बोटीचा आहे, तुझा नाही. ते वाक्य मला आजही पुरतं. ज्याची गोष्ट आहे तो पुढे.

हापूसपेटी

मी चार हजार रुपयांचा धडा सांगतो. देवगडजवळ आमची कलमं आहेत. काही वर्षांपूर्वी एका ट्रान्सपोर्टवाल्याकडून पेट्या पाठवल्या, त्यातल्या चार दबून गेल्या. तक्रार इंग्रजीत लिहायची होती. माझ्या मनात वाक्य होतं "आमच्या चार पेट्या खराब झाल्या." लिहिलं काय? "वी डॅमेज्ड फोर बॉक्सेस." मनात "आमच्या" पहिलं आलं म्हणून "वी" पहिलं लिहिलं. उलट उत्तर आलं की तुम्हीच कबूल करताय की नुकसान तुम्ही केलं, तेव्हा भरपाई नाही.

लिहायला हवं होतं "फोर बॉक्सेस वेअर डॅमेज्ड इन ट्रान्झिट." एक "वेअर" राहिलं. पुतणीने नंतर दाखवून दिलं तेव्हा मला वाईट वाटलं ते पैशांचं नाही, की बारावीपर्यंत इंग्रजी शिकून "खराब झाल्या" या साध्या शब्दाला इंग्रजीत काय करायचं ते कोणीच सांगितलं नव्हतं.

तेव्हा माझी विनंती अशी, मुलांना "राम किल्ड रावण" देऊ नका. त्यांना पेट्या द्या. "द मँगोज आर प्लक्ड विथ द स्टॉक." देठासकट काढतात ना, तसं. "दे आर पॅक्ड इन स्ट्रॉ." पेंढ्यात भरतात. बागेत जे रोज बघतात त्याचं इंग्रजी केलं तर लक्षात राहील.

खाडीकाठ

हापूसपेटी दादा, तुमचं "खराब झाल्या" वाचून मी उठून वही घेऊन बसले. हाच तो नेमका अडलेला भाग. मराठीत अशा जोड्या आहेत: फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, पडणे-पाडणे, मरणे-मारणे, सुटणे-सोडणे, गळणे-गाळणे. "काच फुटली" म्हटलं की कोणी फोडली हा प्रश्नच आपण बाजूला ठेवतो. इंग्रजीत "ब्रेक" एकच. "द ग्लास ब्रोक" म्हणजे फुटली. "द ग्लास वॉज ब्रोकन" म्हणजे कोणीतरी फोडली, नाव सांगत नाही. "डॅमेज"ला मात्र ती "फुटली"वाली बाजूच नाही. "द बॉक्सेस डॅमेज्ड" चालत नाही. पेटी आपली आपण "डॅमेज" होत नाही, केली जाते. म्हणून तिथे "वेअर" पाहिजेच.

भातखाचर

माझा अनुभव थोडा वेगळा. मुलांना मी उलटीकडून नेतो, मराठीतून. चौथी-पाचवीच्या मुलांना विचारतो, कोकणात काय पिकतं, काय पिकवतात? "भात पिकवतात." कोण पिकवतात? "सगळे." मग "सगळे" शब्द वाक्यात आहे का? नाही.

"जूनमध्ये पेरतात, मग लावणी करतात, दसरा-दिवाळीच्या सुमाराला कापतात, झोडतात." या सगळ्या "-तात"ला कर्ता नाही. हाच आपला घरगुती पॅसिव्ह. "राइस इज सोन इन जून. इट इज ट्रान्सप्लांटेड. इट इज हार्वेस्टेड." मुलं सुरुवातीला "दे सो, दे कट" लिहितात. चूक नाही, पण मग वाचणारा विचारतो, हे "दे" कोण? आपण कोणाबद्दल बोलतच नाही, आपण भाताबद्दल बोलतोय.

पुस्तकात "भात पिकवला जातो" असा तर्जुमा देतात. असं आमच्या घरात कोणी कधी बोललं नाही. "जातो" लावलं की मुलांना वाटतं पॅसिव्ह ही काहीतरी परकी, कागदी गोष्ट आहे. "-तात" लावा, लगेच ओळखीची होते.

निवृत्तमास्तर

सर्वांना नमस्कार. एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. खाडीकाठ ताई, तुमची तळमळ मनापासून भावली, पण एका बाबतीत माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट लिहितो.

समज पाहिजे हे खरं, पण हात बसल्याशिवाय समज टिकत नाही. परीक्षेत "चेंज द व्हॉइस" म्हणून वाक्य येतं, तिथे मूल विचार करत बसलं तर वेळ जातो. रचना तोंडपाठच हवी. मी फळ्यावर एकच गोष्ट लिहायचो: क्रियापदाचं तिसरं रूप हलत नाही, "बी" (म्हणजे इज, आर, वॉज, वेअर) हलतं. सगळा काळ "बी" वाहून नेतं.

आपल्या महामार्गावर उभं करून सांगतो. "दे वायडन द रोड" तर "द रोड इज वायडन्ड." काम चालू आहे, "दे आर वायडनिंग" तर "द रोड इज बीइंग वायडन्ड." झालं, "दे हॅव वायडन्ड" तर "हॅज बीन वायडन्ड." काल झालं तर "वॉज", काल चालू होतं तर "वॉज बीइंग", त्याच्याही आधी झालेलं तर "हॅड बीन", उद्या होणार तर "विल बी." "कॅन, मस्ट, शुड" आलं तर पुढे नुसतं "बी". चालू काम असेल तर "बीइंग", पुरं झालेलं असेल तर "बीन". वीस वाक्यं लिहून घ्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा वीस. आठवड्यात "इज बीइंग"ची भीती जाते.

"विल बी बीइंग वायडन्ड" आणि "हॅज बीन बीइंग वायडन्ड" यांच्या वाटेला जाऊ नका. रचना म्हणून होतात, पण बोलण्या-लिहिण्यात फारशी कोणी वापरत नाही आणि शाळेतही विचारत नाहीत.

आणि सर्वनामं! "आय"चं "मी" (इंग्रजीतलं me), "ही"चं "हिम", "शी"चं "हर", "दे"चं "देम". "बाय ही" लिहिणारी मुलं दर वर्षी असतात. मराठीत "तो"चं "त्याने" होतं तसंच हे, एवढं सांगितलं तर पुरतं.

आठवीची आई

मास्तर, ताई, मी फार शिकलेली नाही पण मुलाला रोज घेऊन बसते. दोन शंका आहेत, हसू नका.

एक, "ही कट द केक" याचं "द केक वॉज कट" केलं, पण मुलगा म्हणतो "कट"ला काही लागलंच नाही, मग हे पॅसिव्ह कसं? दुसरी, त्याने निबंधात "अ‍ॅन ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड निअर घाट" लिहिलं आणि बाईंनी "वॉज" खोडलं. कारण नाही सांगितलं. भूतकाळात "वॉज" नको का?

खाडीकाठ

ताई, हसण्याचा प्रश्नच नाही. दोन्ही शंका माझ्या पडवीत दर वर्षी येतात.

"कट"ची तिन्ही रूपं सारखीच: कट, कट, कट. "पुट", "हिट", "शट" यांचंही तसंच. म्हणून तिथे क्रियापदाकडे बघायचंच नाही, "वॉज"कडे बघायचं. "वॉज" आहे आणि पहिल्या पाटावर केक बसलाय, पॅसिव्ह झालं.

"हॅपन"चं कारण असं. पॅसिव्हमध्ये कर्माला पुढच्या पाटावर आणतात. पण "हॅपन"ला कर्मच नाही. अपघात घडला. काय घडला, कोणाला घडला, असं विचारता येत नाही. पुढे आणायला कोणी नाहीच, मग "वॉज" कशाला? "कम, गो, स्लीप, अराइव्ह, डाय, फॉल" सगळी याच जातीची. मराठीत ओळखायची एक सोपी खूण सांगते, बहुतेक वेळा लागू पडते: भूतकाळात कर्त्याला "ने" लागतो का बघा. "भाऊ आला, गेला, झोपला, पडला." "भावाने आला" होत नाही. जिथे "ने" लागत नाही तिथे इंग्रजी पॅसिव्ह करायला जाऊ नका. "मी" आणि "तू"ला "ने" दिसत नाही, म्हणून "भाऊ" घालूनच तपासायचं.

आणि भूतकाळात "वॉज" हवंच असं नाही. "हॅपन्ड"मधला "ड"च भूतकाळ आहे. आपल्या मुलांना "होता"चं "वॉज" माहीत असतं, "अपघात झाला होता" मनात येतं आणि "वॉज" उतरतं.

गुहागरकडचा

ने लागतो का ही खूण एकदम पटली. त्यावरून आमच्या घरच्या बोलीचं सांगतो, कारण यात ती प्रमाण मराठीपेक्षा जास्त बोलकी आहे.

माझी आजी म्हणायची, "त्याने आंबा खाल्लान, भाकरी खाल्लीन, शहाळं फोडलंन." बघा, "ला-ली-लं" आंबा-भाकरी-शहाळ्यामागे गेलं, आणि शेवटचा "न" त्या खाणाऱ्याचा. एकाच क्रियापदाने कर्माचंही ऐकलं आणि कर्त्याचंही. आम्ही शाळेत असं बोललो की मास्तर दटावायचे, "खाल्लान काय, खाल्ला म्हण." म्हणून मी बरीच वर्षं ते अशुद्ध समजत होतो. पण प्रमाण मराठीत "तू आंबा खाल्लास, भाकरी खाल्लीस" म्हणतातच की! तिथला "स" तुझा आहे. तोच हिशेब आजीने तिसऱ्या माणसालाही लावला होता.

आणि हा "न" असला की कर्ता कुठेही पळून जात नाही. "भाकरी खाल्लीन" एवढंच म्हटलं तरी कोणीतरी एकाने खाल्ली हे कळतं. यावरून तरी "खाल्लान"ला पॅसिव्ह म्हणायची कोणाची हिंमत होणार नाही. खाडीकाठ ताई, तुमच्या मुलीला हे सांगा. ती जयगडची, तिच्या घरातही बोलत असतील.

सुरंगी

मी नर्स आहे, रत्नागिरीत. दर्यावर्दी दादांच्या लॉगबुकसारखंच आमचं नोट्सचं असतं. "पेशंट शिफ्टेड टू वॉर्ड. आयव्ही फ्लुइड्स स्टार्टेड. व्हायटल्स मॉनिटर्ड." "वॉज" गाळतो. घाईत ठीक वाटतं. पण एकदा त्याने घोळ झाला, तो इथे सांगावासा वाटतो.

रात्रपाळीला एका पेशंटचा ताप वाढला. मी डॉक्टरांना फोन केला आणि फाइलवर लिहिलं, "डॉक्टर इन्फॉर्म्ड." माझ्या मनात, डॉक्टरांना कळवलं. सकाळच्या सिस्टरने वाचलं, डॉक्टरांनी कळवलं, म्हणजे नातेवाइकांना. त्यामुळे नातेवाइकांना कोणीच सांगितलं नाही. दुपारी मुलगा आला, वडिलांच्या कपाळावर ओल्या पट्ट्या बघून घाबरला आणि चिडला. त्याचं चिडणं बरोबरच होतं.

"इन्फॉर्म्ड" भूतकाळ पण तोच आणि तिसरं रूपही तेच. "वॉज" काढलं की कोणी कोणाला हे कळायला काही राहत नाही. तेव्हापासून मी "डॉक्टर वॉज इन्फॉर्म्ड ॲट २.१० एएम" असं पुरतं लिहिते. "वॉज" लिहायला किती वेळ लागतो? नव्या मुलींनाही तेच शिकवते.

निवृत्तमास्तर

सुरंगीताई, हे उदाहरण मला तीस वर्षांपूर्वी मिळालं असतं तर किती बरं झालं असतं. मी फळ्यावर "बी हलतं" लिहीत राहिलो, ते नसलं तर काय होतं हे दाखवलंच नाही.

आता "बाय"बद्दल थोडं. मुलांना वाटतं पॅसिव्ह म्हणजे शेवटी "बाय" हवाच. बहुतेक पॅसिव्ह वाक्यांत "बाय" नसतोच, आणि नको असतो म्हणूनच पॅसिव्ह केलेलं असतं. बंदरावरच्या फलकावर "फिशिंग इज बॅन्ड फ्रॉम १ जून टू ३१ जुलै" लिहिलेलं असतं. बंदी सरकारचीच, ते कोणाला सांगायला नको. मराठी फलकावर "बंदी घालण्यात आली आहे" असतं. हे "-ण्यात आली"ही आपलं सरकारी पॅसिव्हच.

"बाय" कधी ठेवायचा? करणाराच मुख्य सांगायचा असेल तेव्हा. मालवणच्या किनाऱ्यावर उभं राहून पाहुण्यांनी सिंधुदुर्ग किल्ल्याकडे बोट दाखवलं तर उत्तर येतं, "दॅट फोर्ट वॉज बिल्ट बाय शिवाजी महाराज." किल्ला समोर आहेच, नवीन माहिती महाराजांचं नाव, म्हणून ते शेवटी. १६६४ साली काम सुरू झालं, हे सांगताना मात्र "द वर्क वॉज बिगन इन १६६४" इतकंच पुरे.

आणि सगळीकडे "बाय" नाही. हत्यार असेल तर "विथ": "द कोकोनट वॉज कट विथ अ कोयता." "नोन टू", "इंटरेस्टेड इन", "सरप्राइज्ड ॲट", "फिल्ड विथ" हे तसेच पाठ करावे लागतात.

हापूसपेटी

मास्तर, एक विचारतो. हापूसला २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. याचं इंग्रजी "हापूस गॉट जीआय" करावं की "वॉज गिव्हन"?

निवृत्तमास्तर

दोन्ही बरोबर. लेखात "वॉज गिव्हन" शोभेल. आणि यात एक गंमत आहे. "गिव्ह"ला दोन कर्मं असतात, काय दिलं आणि कोणाला दिलं. म्हणून पुढच्या पाटावर दोघांपैकी कोणीही बसू शकतं. "द टॅग वॉज गिव्हन टू हापूस" किंवा "हापूस वॉज गिव्हन द टॅग." मराठीत "मला बक्षीस मिळालं" म्हणतो त्याचं मुलं "आय गेट प्राइज" करतात. "आय वॉज गिव्हन अ प्राइज" शिकवा. "मला सांगितलं"चं "आय वॉज टोल्ड", "मला शिकवलं"चं "आय वॉज टॉट". आपलं "मला" इंग्रजीत "आय" होतं हे एकदा हाताला बसलं की इंग्रजी एकदम मोकळं वाटायला लागतं.

"क्लोज द डोअर"चं "लेट द डोअर बी क्लोज्ड" मात्र फक्त परीक्षेपुरतं. कोणी घरात असं बोलायला लागू नये. ते मी मुलांना सरळ सांगायचो.

आठवीची आई

"मला सांगितलं"चं "आय वॉज टोल्ड". हे मी आज फ्रिजवर लिहून लावलं. धन्यवाद मास्तर.

खाडीकाठ

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी. मास्तर, तुमची वीस वाक्यं सुरू केली. हात बसायला हवा हे मान्य, माझा हट्ट सोडला. गुहागरकडचे दादा, "खाल्लान" सांगितलं तेव्हा मुलगी म्हणाली, "आमची आजी अजून असंच बोलते," आणि दुसऱ्या दिवशी आजीची पाच वाक्यं वहीत लिहून आणलीन. (बघा, माझ्याही हातून उतरलं.)

रविवारी मुलांना घेऊन रत्नागिरीला थिबा पॅलेसला गेलो. ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८५ च्या युद्धात हरला, त्याला राज्यावरून काढून हजारो मैल दूर आपल्याकडे आणून ठेवलं. तीस वर्षं तो इथे होता, परत गेला नाही. मला वाटलं, पॅसिव्ह शिकायला यापेक्षा चांगली गोष्ट मिळणार नाही. गोष्ट राजाची, पण जे काही झालं ते दुसऱ्यांनी केलं. वरच्या सज्जात मुलं रांगेने बसली, समोर खाडी दिसत होती, आणि म्हटलं, राजावर इंग्रजीत लिहा.

आमच्या त्या मुलीने लिहिलं:

"किंग थिबॉ वॉज डिफीटेड इन १८८५. ही वॉज ब्रॉट टू रत्नागिरी इन १८८६. ही वॉज नॉट अलाउड टू गो बॅक. अ पॅलेस वॉज बिल्ट फॉर हिम. इट वॉज कम्प्लीटेड इन १९१०. ही वॉज डायड इन १९१६. ही वॉज बरीड इन रत्नागिरी."

एकदाही "बाय" नाही. मी विचारलं, "इंग्रजांचं नाव कुठेच नाही?" ती म्हणाली, "गोष्ट राजाची आहे ना."

मग मी वहीवर "वॉज डायड"खाली नुसतं बोट ठेवलं, काही बोलले नाही. तिने दोनदा वाचलं. ओठांत काहीतरी पुटपुटली, "भाऊ मेला... भावाने मेला..." आणि पेन्सिलने "वॉज" खोडत म्हणाली, "ताई, मेला. मारला नाही."